एकाच कागदावरचे दोन शत्रू

पवनी तालुक्यातलं कोंढा हे धानाचं गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात पाऊस नीट लागला की बांध्यांमध्ये चिखलणी सुरू होते, पऱ्हे उपटले जातात, आणि रोवणीला बाया वेळेवर मिळतील का, ही त्या दिवसांतली सर्वांत मोठी काळजी असते. वॉशिंग्टन, मॉस्को, वॉर्सा ही नावं इथल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकात भेटतात आणि परीक्षा झाली की मागे पडतात. त्या दूरच्या भांडणाचा आपल्या शिवाराशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल.

पण याच जिल्ह्यात, भंडाऱ्याहून नागपूरच्या दिशेला, जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. तोफगोळ्याला किंवा बंदुकीच्या गोळीला नळीतून पुढे ढकलणारं, ठरल्या वेगाने जळणारं द्रव्य म्हणजे प्रोपेलंट. ते आणि स्फोटकं इथे बनतात. हे काम किती जोखमीचं आहे ते २४ जानेवारी २०२५ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्या दिवशीच्या स्फोटात किमान आठ कामगारांचा जीव गेला. ही निर्माणी १९६४ सालची. धानाच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यात ती त्याच सुमाराला का आली, असं विचारत मागे मागे गेलं की वाट हिमालयातून, कराचीतून, मॉस्कोतून जाते आणि शेवटी एका अशा पत्रापाशी पोचते, ज्याच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता.

३१ मार्च १९५४. सोव्हिएत संघाने अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांना एक पत्र पाठवलं. त्याचा आशय असा, की नाटोत सामील होण्याचा विचार करायला आम्ही तयार आहोत. नाटो म्हणजे ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी केलेला संरक्षणाचा करार. तो सोव्हिएत संघाच्या भीतीनेच झाला होता. ज्याच्यापासून वाचायला घर बांधलं, त्यानेच दारात उभं राहून आत घ्या म्हणावं, असा तो प्रसंग. मे महिन्यात पाश्चात्त्य देशांनी नकार कळवला. पुढच्या वर्षी, मे १९५५ मध्ये, पश्चिम जर्मनी नाटोत आला आणि त्याच महिन्याच्या १४ तारखेला वॉर्सा शहरात सोव्हिएत संघ, पोलंड, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया आणि अल्बानिया या आठ देशांनी आपला करार केला. शीतयुद्धाचे दोन गोट एकाच दिवशी समोरासमोर उभे राहिले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोघांमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे, आणि दुसरा गट पहिल्याने टाकलेल्या एका पावलाचं उत्तर म्हणून आला.

ते पाऊल म्हणजे जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्र देणं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली. ते युद्ध संपून पुरती दहा वर्षं झाली नव्हती. पाश्चात्त्यांच्या नजरेतून पाहिलं तर पश्चिम जर्मनीचं सैन्य म्हणजे सोव्हिएत रणगाड्यांपुढे घातलेला बांध. मॉस्कोच्या नजरेतून पाहिलं तर ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच हातात पुन्हा पलिता. दोन्ही बाजू घाबरलेल्या होत्या आणि दोघींची भीती खरी होती.

हे कोंढ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. अतिपावसात शेजाऱ्याने आपल्या बांधीचा धुरा हातभर उंच केला, की अडलेलं पाणी तुमच्या बांधीत उतरतं. त्याच्या मनात तुमचं नुकसान करायचं नसतं, त्याला आपलं धान वाचवायचं असतं. पण तुमच्या धानाला त्याच्या मनातलं काय कळणार? तुम्ही तुमचा धुरा उंच करता, मग तो आणखी, आणि दोघंही स्वतःला सांगत राहतात की आपण फक्त बचाव करतोय. जर्मनीतून नाझींच्या छळामुळे परागंदा झालेल्या जॉन हर्झ या अभ्यासकाने १९५० मध्ये या कोंडीला नाव दिलं. मराठीत तिला सुरक्षेचा पेच म्हणता येईल. पेच यासाठी, की कुणीही वाईट नसताना तो पडू शकतो.

इथे एक कोडं उरतंच. युती नेहमी सर्वांत बलवानाविरुद्ध होत असेल, तर १९४९ मध्ये जगाने अमेरिकेविरुद्ध एकत्र यायला हवं होतं. अणुबॉम्ब तिच्याकडे होता, कारखाने तिचे शाबूत होते. तरी पश्चिम युरोप तिच्याकडे धावला. अभ्यासक स्टीफन वॉल्ट यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात याचं उत्तर मांडलं: राष्ट्रं ताकदीला घाबरत नाहीत, धोक्याला घाबरतात. ताकद, अंतर, चाल करून येण्याची क्षमता आणि इरादा, या साऱ्यांचा मिळून धोका होतो. अमेरिका महासागराच्या पलीकडे होती. सोव्हिएत फौजा बर्लिनमध्ये होत्या.

आपल्या उपखंडात हे सारं १९५४ मध्येच येऊन पोचलं. त्या वर्षी भंडारा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. तो मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९ मे १९५४ रोजी अमेरिका आणि पाकिस्तान यांच्यात शस्त्रमदतीचा करार झाला. ८ सप्टेंबरला मनिला येथे सीटो हा आग्नेय आशियाच्या संरक्षणाचा करार झाला. आठ सभासदांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पाकिस्तान होते. आग्नेय आशियातले म्हणावेत असे दोनच, थायलंड आणि फिलिपाइन्स. पुढच्या वर्षी तुर्कस्तान, इराक, इराण, पाकिस्तान आणि ब्रिटन यांचा बगदाद करार झाला. नकाशावर बोट फिरवलं तर नॉर्वेपासून मनिलापर्यंत सोव्हिएत संघ आणि चीनभोवती एक माळ तयार होते. त्या माळेत पाकिस्तान दोनदा ओवलेला आहे.

अमेरिकेने या सगळ्यात पैसा आणि शस्त्रं ओतली ती कम्युनिस्टांना रोखायला. सीटोवर सही करताना तिने तसं लिहूनच दिलं, की आमची बांधिलकी कम्युनिस्ट आक्रमणापुरती आहे. पाकिस्तानने मात्र तीच शस्त्रं घेतली ती भारताकडे पाहून. कागद एक, सह्या एकाखाली एक, आणि दोन सह्या करणाऱ्यांच्या मनात दोन वेगळे शत्रू. १९६५ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा पंजाबातल्या असल उत्तरच्या उसाच्या शेतांत अमेरिकी पॅटन रणगाडे भारताविरुद्ध उतरले, पण सीटो पाकिस्तानच्या मदतीला आला नाही. उलट अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रं थांबवली. १९७१ मध्येही सीटो हलला नाही. १९७७ मध्ये तो गुंडाळला गेला.

मला या विषयात सर्वांत जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट हीच आहे. युती म्हटली की एकजूट डोळ्यांपुढे येते. पण जवळ जाऊन पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक युती म्हणजे वेगवेगळ्या भीतींची एका कागदावर घातलेली सांगड असते. भीती जोवर एकाच दिशेने ढकलत असतात तोवर ती सांगड लोखंडासारखी वाटते. आणि हे पाहायला मनिलापर्यंत जायची गरज नाही. कोंढा, पवनी, भंडारा हा सारा मुलूख ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यांच्याच दरबारात हे नाटक पावणेदोनशे वर्षं आधी होऊन गेलं होतं.

तेव्हाच्या दोन महासत्ता म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्स. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, नाना फडणीसांनी त्याचं आगतस्वागत केलं आणि कलकत्त्यात इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याची झोप उडाली. पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडविरुद्ध उतरला. बोस्टनमधल्या ठिणगीची धग पुण्याला लागली ती अशी. हेस्टिंग्जने पुण्याला शह देण्यासाठी नागपूरच्या मुधोजी भोसल्यांशी बोलणी लावली. साताऱ्याच्या गादीवरच्या हक्काचं आमिषही त्यात होतं. मुधोजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कर्नल गॉडर्डची इंग्रज फौज बंगालकडून गुजरातेत जाताना होशंगाबादजवळ भोसल्यांच्या हद्दीतून गेली, तेव्हा तिला कुणी अडवलं नाही.

इंग्रजांच्या या हालचालींना उत्तर म्हणून नानांनी जे उभारलं ते अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातलं सर्वांत धाडसी राजकारण होतं, असं मी मानतो. पेशवे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले, आयुष्यभर एकमेकांशी लढलेले चौघं, एकाच वेळी चार दिशांनी इंग्रजांवर उठणार होते. पुण्याकडे कोकण आणि गुजरात, हैदरकडे मद्रास आणि कर्नाटक, निजामाकडे उत्तर सरकार म्हणजे आंध्रचा किनारा, आणि भोसल्यांकडे बंगाल. हैदरने आपला शब्द पाळला. १७८० च्या पावसाळ्यात तो कर्नाटकावर कोसळला आणि सप्टेंबरमध्ये पोल्लिलूरला त्याने इंग्रजांचा असा पराभव केला, की त्याची चित्रं श्रीरंगपट्टणच्या भिंतींवर रंगवली गेली.

नागपूरहूनही आदल्या वर्षीच मोठी फौज निघाली होती. मुधोजींचे पुत्र चिमणाबापू तिचे सेनापती. पण ती कटकला पोचेपर्यंत पुढच्या वर्षीचा उन्हाळा आला. एवढी मोठी फौज एवढी सावकाश का चालली? कारण मुधोजींचा शत्रू आणि नानांचा शत्रू यांचं नाव एक असलं तरी हिशेब वेगळा होता. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने भोसल्यांना बंगालची चौथाई म्हणून सालाना बारा लाख रुपये ठरले होते. बंगाल इंग्रजांच्या हाती गेल्यावर ते थांबले. मुधोजींना इंग्रज हिंदुस्थानातून जायला नको होते. त्यांच्याकडून थकबाकी हवी होती. हेस्टिंग्जने हे अचूक ओळखलं. त्याने लाखो रुपये दिले आणि बंगालवरची स्वारी कटकलाच विरली. निजामाला गुंटूर परत देऊन घरी बसवलं. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा पेशवे आणि इंग्रज यांच्यातला मध्यस्थ होते महादजी शिंदे, आणि हैदर एकटाच लढत राहिला. चार जणांच्या मनातले चार शत्रू हेस्टिंग्जने एकेक करून मोजले होते.

दुसरा अंक १८०२ चा. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तमध्ये उतरल्यापासून इंग्रजांचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याला हिंदुस्थानात ठिकठिकाणी फ्रेंच दिसू लागले होते. निजामाकडे फ्रेंच अधिकारी, टिपूची फ्रान्सशी पत्रं, शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पेराँ हाही फ्रेंच. या भीतीला त्याचं उत्तर होतं तैनाती फौज. संस्थानिकाने इंग्रज फौज आपल्या मुलखात ठेवायची, तिचा खर्च द्यायचा, इंग्रजांच्या शत्रू असलेल्या युरोपियनांना नोकरीत घ्यायचं नाही आणि इतर राज्यांशी व्यवहार इंग्रजांना विचारून करायचा. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला हे सगळं मान्य केलं. किमान सहा हजार पायदळ, आणि त्याच्या खर्चाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. इंग्रज बाजीरावाकडे आले फ्रेंचांना रोखायला आणि बाजीराव इंग्रजांकडे गेला होळकरांना रोखायला. मनिलाच्या कागदाशी हे किती तंतोतंत जुळतं!

आणि पाठोपाठ तेच घडलं जे १९५५ मध्ये वॉर्सात घडलं. वसईच्या युतीने तिची विरोधी युती जन्माला घातली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले एकत्र आले. होळकर बाजूला थांबले. त्यांना शिंद्यांचं भय इंग्रजांपेक्षा जवळचं होतं. वर्षभराच्या आत निकाल लागला. सप्टेंबर १८०३ मध्ये असई, नोव्हेंबरअखेर अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह. रघुजींनी कटक गमावलं, बालासोर गमावलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावला. पुढच्या वर्षी होळकर एकटे लढले आणि एकटेच हरले.

तरी रघुजींची पुढची तेरा वर्षं मला फार विचार करायला लावतात. नागपुरात इंग्रज रेसिडेंट येऊन बसला, तैनाती फौज घ्या म्हणून तगादा लावला, आणि रघुजींनी अखेरपर्यंत ती घेतली नाही. त्याची किंमत वैनगंगेच्या खोऱ्याने मोजली. पेंढाऱ्यांच्या टोळ्या गावं लुटत होत्या आणि त्यांना आवरायची ताकद राज्यात राहिली नव्हती. मार्च १८१६ मध्ये रघुजी वारले. मे महिन्यात त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी तैनाती फौजेचा करार केला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि नागपूरचं स्वतंत्र राजकारण तिथे संपलं. कुठल्याच गोटात न जाणं हा सोपा मार्ग असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तेरा वर्षं वाचावीत.

दीडशे वर्षांनी दिल्लीने तोच अवघड मार्ग निवडला. पण गोटाबाहेर राहिलेल्या देशाचीही माती गोटांच्या कामाला येतेच, हे तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींनी दाखवलं. तिथल्या काळ्या दगडात मँगनीज आहे. शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी तो गाळ साचला, मग जमिनीच्या पोटात दाबला, भाजला गेला. भूशास्त्रज्ञ लुईस ली फर्मोर याने १९०९ मध्ये इथल्या खडकाच्या एका जातीला गोंड लोकांवरून गोंडाइट नाव दिलं, आणि आज जगभरचे भूवैज्ञानिक तो शब्द वापरतात. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. लोखंडातलं गंधक ते स्वतःकडे ओढून घेतं. ते नसेल तर तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश शिरस्त्राणं मँगनीजच्या कणखर पोलादाची होती. मँगनीज नाही तर रणगाडा नाही, इतकं ते सरळ आहे.

अमेरिकेकडे पोलादाच्या प्रचंड भट्ट्या होत्या, पण मँगनीज जवळजवळ नव्हतं. ते मोठ्या प्रमाणावर कुठून यायचं? सोव्हिएत संघातून, जॉर्जियातल्या च्यातुराच्या खाणींमधून. वैर वाढलं, १९४८ मध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला जाणाऱ्या मालावर निर्बंध घातले, आणि मॉस्कोने मँगनीज आखडलं. अमेरिकी खरेदीदार भारताकडे वळले. भंडारा, बालाघाट आणि नागपूरचा हा पट्टा देशातल्या मँगनीजचं माहेर. तुमसर रोड ते तिरोडी या रेल्वेवरून निघालेला दगड बंदरात आणि तिथून अटलांटिकपलीकडच्या भट्ट्यांत जाऊ लागला. १९५१ मध्ये भारतात अन्नटंचाई असताना अमेरिकेने वीस लाख टन गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा त्याची फेड अंशतः युद्धोपयोगी कच्च्या मालाने करून घेण्याची तरतूद कायद्यात आली. कुठल्याही करारावर सही न केलेल्या देशाचा दगड असा एका गोटाच्या पोलादात मिसळला.

मँगनीजची ही भूक किती खरी होती याचा एक विलक्षण पुरावा आहे. मार्च १९६८ मध्ये के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी पॅसिफिक महासागरात बुडाली. अमेरिकी गुप्तहेर खात्याने ती तळातून उचलायचं ठरवलं. त्यासाठी ग्लोमार एक्सप्लोरर नावाचं अजस्र जहाज बांधलं आणि जगाला सांगितलं, की धनाढ्य हॉवर्ड ह्यूज समुद्राच्या तळावरचे मँगनीजचे गोटे काढणार आहे. जगाने विश्वास ठेवला. विद्यापीठांनी समुद्रतळाच्या खाणकामाचा अभ्यास गंभीरपणे हाती घेतला. १९७४ च्या उन्हाळ्यात जहाजाने पाणबुडीचा एक भाग वर काढला. बतावणीसाठी दुसरं कुठलंही खनिज निवडता आलं असतं. मँगनीज निवडलं, कारण त्यासाठी कुणी पाच किलोमीटर खोल जाईल हे पटण्यासारखं होतं.

आता जवाहरनगरच्या त्या निर्माणीकडे. ऑक्टोबर १९६२ हा महिना कॅलेंडर समोर ठेवून पाहण्यासारखा आहे. १६ ते २८ ऑक्टोबर क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभं होतं. त्याच दिवसांत, २० ऑक्टोबरला, चिनी फौजा हिमालयात उतरल्या. ऑगस्टमध्येच भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार केला होता. चीन त्याच सोव्हिएत संघाचा १९५० पासूनचा करारबद्ध मित्र, आणि सोव्हिएत संघ मित्राच्या शत्रूला विमानं विकत होता! इथेही कागद एक आणि मनं दोन होती. क्यूबाच्या संकटात मॉस्कोला चीनची गरज होती म्हणून सोव्हिएत संघ काही दिवस आपल्यापासून दूर सरला. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना पत्रं लिहून अमेरिकी लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागितल्या. २१ तारखेला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले.

चव्हाणांनी पुढच्या दोन वर्षांत केलेला प्रवास आपल्याकडे पुरेसा सांगितला गेला नाही. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत शस्त्रं मागायला गेले. नेहरूंचं निधन झालं तेव्हा ते तिथेच होते. अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ हे लढाऊ विमान दिलं होतं, भारताला ते द्यायला ती तयार झाली नाही. ऑगस्टअखेर चव्हाण मॉस्कोला गेले आणि मिगचा कारखाना भारतात उभारण्याचं काम पक्कं झालं. विमानाचा सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. त्याच लाटेत दारूगोळ्याचे नवे कारखाने उभे राहिले: जळगाव जिल्ह्यात वरणगाव, नागपूरजवळ अंबाझरी, चंद्रपूरकडे भद्रावती, आणि भंडाऱ्याला जवाहरनगर. सरहद्दीपासून दूर, देशाच्या पोटात. विदर्भाची ही दूरता त्या वर्षी त्याची लायकी ठरली.

गोट धातूत कसे उतरतात ते इथे हाताने चाचपता येतं. १९५० च्या दशकात नाटोने आपल्या सगळ्या सैन्यांसाठी ७.६२ मिलिमीटरची एक गोळी ठरवली, म्हणजे बेल्जियन सैनिकाला ब्रिटिश पेटीतली काडतुसं चालावीत. सोव्हिएत गटाची गोळीही ७.६२ चीच. पण नाटोच्या काडतुसाची नळी ५१ मिलिमीटर लांब, सोव्हिएत काडतुसाची ३९. नावात व्यास एकच, तरी एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत बसत नाही. चेकोस्लोव्हाकियाने स्वतःच्या घडणीची रायफल केली, तीही ३९ चीच गोळी झाडणारी. या दोन गोटांच्या मधोमध आपला जवान उभा होता. त्याच्या खांद्यावरची, ईशापूरला बनलेली सेल्फ लोडिंग रायफल नाटोची ५१ ची गोळी झाडत होती आणि त्याच्या डोक्यावरून ओझरला बांधलेलं सोव्हिएत मिग जात होतं. अलिप्तता हा शब्द भाषणांत जितका अमूर्त वाटतो, तितका तो लष्कराच्या कोठारात नव्हता. तिथे तो दोन प्रकारच्या सुट्या भागांचा, दोन भाषांतल्या माहितीपुस्तकांचा रोजचा व्याप होता. मला ही तारेवरची कसरत कमकुवतपणाची वाटत नाही. रघुजींना जे करायचं होतं आणि जमलं नाही, ते करायला लागणारे कारखाने या वेळी आपण आधी उभारले.

तरी एकदा दिल्लीलाही कागदाची गरज पडलीच. जुलै १९७१ मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला जाऊन आले. अमेरिका, चीन आणि पाकिस्तान एका रेषेत येताना दिसले आणि महिनाभरात, ९ ऑगस्टला, भारत आणि सोव्हिएत संघ यांचा मैत्रीकरार झाला. नवव्या कलमात एवढंच होतं, की दोघांपैकी कुणावर हल्ला झाला वा धोका आला तर लगेच सल्लामसलत करायची. लढायला येण्याचं वचन नव्हतं. नाटोच्या प्रसिद्ध पाचव्या कलमातही खरं तर तसं सरळ वचन नाही. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, असं म्हणून पुढे प्रत्येकाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी, असं ते सांगतं. म्हणूनच फ्रान्सचे द गॉल अमेरिकेला विचारत होते, की पॅरिससाठी तुम्ही न्यूयॉर्क पणाला लावाल का, आणि १९६६ मध्ये त्यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं. करारातल्या प्रत्येकाला दोन भीती छळतात. वेळ आली की मित्र सोडून जाईल ही एक. मित्राच्या भांडणात आपण नाहक ओढले जाऊ ही दुसरी. पहिली कमी करायला गाठ घट्ट करावी तर दुसरी वाढते.

वॉर्सा गटाने गाठ घट्ट ठेवायची वाट वेगळी धरली. त्याच्या संयुक्त फौजांनी युरोपात एकच मोठी चढाई केली, ऑगस्ट १९६८ मध्ये, आणि ती स्वतःच्याच सभासदावर, चेकोस्लोव्हाकियावर. रुमानियाने साथ दिली नाही, अल्बानिया गटच सोडून गेला. १ जुलै १९९१ रोजी तो गट विसर्जित झाला. समोरचा गट गेला की नाटोही विरघळेल असं अनेकांना वाटलं होतं. तसं झालं नाही. पूर्वी वॉर्सा गटात असलेलेच देश एकेक करून नाटोत आले, कारण त्यांच्या मनातला शत्रू बदलला नव्हता. रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर, दशकानुदशकं गटाबाहेर राहिलेला फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये आत गेला. आता नाटोत ३२ देश आहेत.

आजचं वैर अमेरिका आणि चीन यांचं आहे, आणि या वेळी जुळवाजुळव फौजांच्या आधी खनिजांची चालू आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना अतिशुद्ध मँगनीज लागतं आणि जगातलं बहुतेक सगळं शुद्धीकरण चीनमध्ये होतं. अमेरिकेने आपल्या अत्यावश्यक खनिजांच्या यादीत मँगनीज ठेवलं आहे. जून २०२२ मध्ये तिने काही मित्रदेशांसह खनिज सुरक्षा भागीदारी नावाचा एक गट बांधला. जून २०२३ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये, चीन आणि रशिया ज्यात आहेत त्या शांघाय सहकार्य संघटनेच्या शिखर बैठकीचं यजमानपदही भारताकडेच होतं.